काकू, हे टाकू का?

गोळ्यांच्या स्ट्रिपच्या मागे, चंदेरी कागदावर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत जे काही छापलेलं असतं आणि जे जन्मात कोणी वाचत नाही, ते वाचणं ही माझी नोकरी आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका औषध कंपनीच्या ऑफिसात, पॅकिंगच्या विभागात मी बसतो. औषधात काय असतं ते मला विचारू नका, ते शिकलेल्या लोकांचं काम. औषधावर काय लिहिलेलं असतं ते विचारा. माझं लग्न जमत असताना बाबा नुसतं "मुलगा औषध कंपनीत आहे" एवढंच सांगायचे, आणि समोरचे गृहस्थ लगेच स्वतःची कंबर नेमकी कुठे दुखते ते दाखवायला लागायचे. बाबा माझ्याकडे बघायचे. मी पंख्याकडे बघायचो.

तर अशा माणसाकडे समाजसेवा आली. ती कशी आली ते सांगतो.

कंपनीला नफ्यातला काही भाग समाजासाठी खर्च करावा लागतो, कायदाच आहे तसा. त्याला मराठीत सामाजिक उत्तरदायित्व असा भारदस्त शब्द आहे, पण आमच्याकडे चेअरमनपासून चहावाल्यापर्यंत सगळे सीएसआरच म्हणतात. बरीच वर्षं आमचं उत्तरदायित्व झाडं आणि वह्या यांच्यावर भागत होतं. झाडं लावायची, वह्या वाटायच्या आणि दोन्हींच्या मागे बॅनर धरून उभं राहायचं. बॅनरचं टोक धरायला जरा उंच माणूस लागतो. माझा समाजकार्याचा अनुभव तेवढाच, उंचीचा.

मग सीएसआर बघायला एक नव्या मॅडम आल्या. माझ्यापेक्षा वयाने लहान, बाळकुमला एका टॉवरमध्ये राहणाऱ्या, आणि बोलायला इतक्या मृदू की काम गळ्यात कधी पडलं ते जिन्यावरून खाली उतरल्यावर कळतं. त्यांचं म्हणणं, औषध कंपनीने झाडं कशाला लावायची? औषधाचंच काहीतरी करूया. घरोघरी उरलेल्या, जुन्या गोळ्या पडून असतात. लोक त्या कचऱ्यात टाकतात, बेसिनमध्ये ओततात, नाहीतर परत खातात. आपण सोसायट्यांमध्ये पेट्या ठेवू. लोकांनी त्यात टाकायच्या, आपण उचलून रीतसर भट्टीत जाळायला पाठवायच्या.

"तुम्ही डोंबिवलीला राहता ना?" मॅडमनी विचारलं. "सुशिक्षित, जागरूक वस्ती आहे तुमची. सुरुवात तुमच्याच सोसायटीतून करूया का?"

डोंबिवलीचं कौतुक झालं की डोंबिवलीकराची मान आपोआप हलते. माझी हलली. तो होकार समजला गेला.

मॅडमना मी एक गोष्ट मात्र बोललो नाही. ज्या प्रकाराविरुद्ध ही मोहीम होती, त्याचं मुख्य कार्यालय आमच्याच घरात होतं.

हे कार्यालय म्हणजे पत्र्याचा एक डबा. एका दिवाळीला कंपनीने आम्हाला त्यातून सुका मेवा दिलेला. मेवा भाऊबीजेच्या आत संपला, डबा राहिला, झाकणावर कंपनीच्या चिन्हासकट. आमच्या घरात कुठलीच वस्तू संपत नाही, ती डब्यात जाते. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या द्याव्यात, तिसऱ्या दिवशी बरं वाटावं आणि उरलेल्या दोन दिवसांच्या गोळ्या आईने डब्यात टाकाव्यात, हा आमचा कुळाचार. खोकल्याची अर्धी बाटली, डोळ्यात घालायचं कसलंसं औषध, बाबांच्या पाठीच्या गोळ्या, माझ्या मुलीच्या लहानपणीचं गोड सरबतासारखं तापाचं औषध. मुलगी आता नोकरीला लागली. औषध अजून डब्यात होतं.

आणि हा डबा नुसता आमचा नव्हता. आई शाळेत शिक्षिका होती, निवृत्त होऊन खूप वर्षं झाली, पण सोसायटीत कोणाला कणकण आली, कोणाचं पोट बिघडलं की माणूस आधी डॉक्टरकडे जात नसे, तिसऱ्या मजल्यावर आईकडे येई. आमच्या दारावर जुनी, चिमणीच्या आवाजाची बेल आहे. दुपारी चार वाजल्यापासून ती चिवचिवायला लागायची. आई चष्मा लावून डबा मांडीवर घ्यायची आणि वर्गात उभं केल्यासारखी उलटतपासणी करायची.

"काल काय खाल्लंस?"

"काही नाही काकू, वरणभात."

"खरं सांग."

"वरणभात आणि मग खाली पाणीपुरी."

"मग असं म्हण ना."

ही उलटतपासणी झाली की गोळी, गोळीनंतर चहा, आणि चहाबरोबर गोळीशी काहीही संबंध नसलेल्या गप्पा. बाबा गेल्यानंतर तर हा दवाखाना जास्तच चालायला लागलेला. मी ठाण्याहून घरी येईपर्यंत कप विसळून झालेले असत, त्यामुळे मला दिसायचा तो फक्त डबा. तो मला बेकायदा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर लाजिरवाणाही. औषध कंपनीत काम करणाऱ्याच्या घरात असलं काही असू नये, असं मला वाटायचं. कंपनीत मी काय करतो हे त्या क्षणी मी सोयीने विसरायचो.

पेटी आली. निळ्या झाकणाची, वर फट, खाली कुलूप, किल्ली माझ्याकडे. रविवारी सकाळी गच्चीवर सोसायटीची मीटिंग लावली. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि कुठल्याही विषयाकडे ते कर्जाच्या अर्जाकडे बघावं तसं बघतात. पेटीला त्यांनी सगळ्या बाजूंनी चक्कर मारली.

"ह्यात आमचा फायदा काय?"

"फायदा असा नाही काका. सामाजिक जबाबदारी आहे."

"कोणाची? कंपनीची ना? मग गोळ्या आम्ही का आणून टाकायच्या?"

मागून कोणीतरी बोललं, "तुम्ही केमिकलवाल्यांनी नाल्यात सोडायचं आणि आम्ही पेटीत टाकायचं. छान आहे."

गच्ची हसली. आमच्या एमआयडीसीकडून संध्याकाळी जो वास येतो तो त्या हसण्यात होता. आमच्या कंपनीचा कारखाना इथे नाही, पार दुसऱ्या जिल्ह्यात आहे, असं मी सांगायला लागलो. त्यावर ते गृहस्थ म्हणाले, "मग तिकडच्या लोकांना वास येत असेल."

सभा हातातून निसटते आहे असं दिसल्यावर वक्ता जे करतो ते मी केलं. विनोद केला. आणि विनोदासाठी सगळ्यात हाताशी असलेलं माणूस घेतलं.

"लांब कशाला जायचं," मी म्हणालो, "आमच्या आईचंच उदाहरण घ्या. तिच्या डब्यात बाबांच्या काळातल्या गोळ्या आहेत. परवा आपल्यातल्याच एकांना तिने पाठदुखीची गोळी दिली. त्यांची पाठ दुखायची थांबली की नाही माहीत नाही, पण ती गोळी माझ्या मुलीच्या बारशाला हजर होती."

गच्ची पुन्हा हसली, आणि ह्या वेळी माझ्या बाजूने. आई पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेली. तीही हसली, पदर नीट केला आणि समोरच्या टाकीकडे बघत बसली. मला वाटलं, भाषण जमलं. चढलेल्या रंगात मग मी बरंच काही सांगितलं. दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या खाल्ल्या तर काय होतं, अर्धवट कोर्स सोडला तर काय होतं, तारीख उलटलेलं औषध का खाऊ नये. सगळं खरं होतं. खरं बोलताना माणसाला भान राहत नाही, हे मला नंतर कळलं.

खाली टपालाच्या पेट्यांशेजारी पोस्टरही लावलं. "दुसऱ्याच्या डब्यातली गोळी घेऊ नका." मजकूर माझा. चित्रासाठी मी आमच्या ऑफिसातल्या चित्रकाराला एवढंच सांगितलेलं की एक घरगुती आजी दाखव, हातात डबा. त्याने आपल्या मनाने काढलं, पण चष्मा नेमका आईच्यासारखा निघाला.

पुढच्या आठवड्यात आई मला म्हणाली, "अरे, बेल बिघडलीय वाटतं. बघ जरा."

मी बाहेर जाऊन बटण दाबलं. चिमणी ओरडली. "वाजतेय की."

"वाजतेय ना? मग ठीक आहे."

दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. "आतल्या खोलीत ऐकू येत नाही बहुतेक. बघ ना रे." मी पुन्हा बाहेर जाऊन बटण दाबलं. तिने आतल्या खोलीतून "आली ऐकू" म्हणून सांगितलं. मी वायरमनला बोलावून बेल उघडून घेतली, धूळ पुसून घेतली. वायरमन म्हणाला, "साहेब, हिला काही झालेलं नाही. ही आणखी वीस वर्षं ओरडेल." मी आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं."

माझ्या डोक्यात तरीही काही शिरलं नाही. शेवटी बायकोने स्वयंपाकघरात मला ओट्यापाशी उभं केलं आणि दोन पातेली दाखवली, एक मोठं, एक लहान.

"हे मोठं चार वाजता चहाला लागायचं. मीटिंग झाल्यापासून आई हे लहान घेतात."

"मग?"

"मग काय? बेल बिघडली नाही. तुमचं भाषण झालंय."

मी म्हणालो, लोकांनी औषध मागायला येऊ नये हेच तर आपल्याला हवं होतं. बायको म्हणाली, "औषध मागायला कोण यायचं? तुम्ही कधी चार वाजता घरी असता?" पुढे म्हणाली, "परवा साडेसहाला दिवा लावून आडव्या झाल्या होत्या. विचारलं, बरं नाही का? तर म्हणाल्या, बरं आहे, पण बसून तरी काय करू."

एवढं ऐकल्यावर जेवताना आईकडे बघितलं. ती भाताचं शीत न् शीत नीट गोळा करत होती, जसं कोणी बघत नसताना माणूस करतं. तिला मी डबा बंद कर म्हणून सांगू शकत होतो, डबा पुन्हा चालू कर म्हणून सांगू शकत नव्हतो. गच्चीवर जे बोललो ते चूक नव्हतं, हीच पंचाईत होती. चूक असतं तर माफी मागून मोकळा झालो असतो.

आता माणसाने निदान समाजसेवेत तरी यशस्वी असावं. मॅडम पेटी बघायला येणार म्हणून आदल्या आठवड्यात मी कुलूप उघडलं. आत निघालं ते असं: मेंटेनन्सचा एक चेक, कोणाला तरी ही सोसायटीची पेटी वाटलेली. एक मुंजीची पत्रिका. आइस्क्रीमची काडी. आणि एक गोळी शिल्लक असलेली एक स्ट्रिप, ती उद्घाटनाला मीच टाकलेली.

चेक घेऊन मी सेक्रेटरींकडे गेलो. ते खूश झाले. "चला, पेटीचा काहीतरी उपयोग झाला," म्हणाले.

जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. ह्या आईच्या रोजच्या गिऱ्हाईक, चहाच्या आणि गोळ्यांच्याही. आमच्या दाराकडे हल्ली फिरकत नाहीत म्हणून मला त्यांच्याशी बोलायचं होतंच, पण तोंडातून बाहेर पडलं ते पेटीचं.

"वहिनी, तुमच्याकडे जुनं औषध काहीच नाही का हो?"

"नाही कसं भाऊजी, ढीग आहे."

"मग टाकत का नाही?"

त्या आत जाऊन कापडाची एक पिशवी घेऊन आल्या आणि जिन्याच्या पायरीवरच उलटी केली. गोळ्याच गोळ्या. दोनाचे तुकडे, चाराचे तुकडे, एकेकट्या गोळ्यासुद्धा, सगळ्या केमिस्टने कात्रीने कापून दिलेल्या.

"आता सांगा," वहिनी म्हणाल्या, "ह्यातली कुठली जुनी आणि कुठली चांगली?"

मी एक तुकडा उचलला. उलटा केला. सुलटा केला. दुसरा घेतला. औषधाचं अर्धं नाव होतं, कंपनीचा पाऊण पत्ता होता, सूर्यप्रकाशापासून दूर ठेवावे असं होतं. तारीख नव्हती. तारीख स्ट्रिपच्या एकाच टोकाला असते. ते टोक ज्याच्या वाट्याला येतं त्याला तारीख मिळते, बाकीच्यांना नुसत्या गोळ्या.

"चांगलं असलं आणि टाकलं तर?" वहिनी म्हणाल्या. "पैसे देऊन आणलेलं, भाऊजी. हात होत नाही. म्हणून पिशवीत राहतं. सगळ्यांकडे हेच आहे, कोणालाही विचारा."

त्यांच्या हातातला शेवटचा तुकडा मी घेतला तेव्हा तो ओळखीचा वाटला. निळी रेघ, डाव्या बाजूला ती ठरावीक रिकामी जागा. आमच्याच कंपनीचा होता. तारीख कोपऱ्यात ढकलून ती जागा मोकळी ठेवावी, दिसायला नीटस दिसतं, ही सूचना एकदा मीटिंगमध्ये मीच केलेली. सगळ्यांनी मान्य केली. नोकरीत माझी मान्य झालेली अशी ती एकच सूचना.

मी पायरीवर बसलो. वहिनींना वाटलं गुडघा दुखतोय, म्हणून त्यांनी सवयीने ढिगात हात घातला, मग पोस्टर आठवलं असावं, काढून घेतला.

"एक करा," मी म्हणालो. "हे सगळं पिशवीत भरा आणि वर चला. आईला दाखवू."

"नको हो. त्यांना वाटेल मी गोळी मागायला आले. तुमच्याच पोस्टरमध्ये त्यांना असं काढलंय, आता आम्हाला कसं तरीच वाटतं जायला. त्यांनाही वाटत असेल."

"मागायला नाही. टाकायचं का ते विचारायला."

आमच्या दाराशी आल्यावर मी किल्ली खिशातच ठेवली आणि वहिनींना म्हटलं, बेल वाजवा. चिमणी ओरडली. आत लगेच खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार उघडलं तर आईच्या डोळ्यांवर चष्मा आधीच होता.

"काकू," वहिनींनी पिशवी पुढे केली, "हे टाकू का?"

आईने आधी माझ्याकडे बघितलं. मग पिशवीकडे. मग वहिनींना आत घेतलं, मला तिने घेतलं नाही, मी आपण होऊन आलो.

पुढे जे झालं ते मी दाराजवळच्या स्टुलावर बसून बघितलं. आईने एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "हे तर मीच दिलेलं तुला. तुझ्या सासूबाई बाथरूममध्ये पडल्या तेव्हा."

"अय्या, हो."

"त्यांचं वर्षश्राद्ध होऊन गेलं. टाक." दुसरा तुकडा. "हे तुझ्या मुलाला कांजिण्या आल्या तेव्हाचं. आता त्याला दाढी आली. टाक. हे पिवळं... हे तुम्ही कोकणात जाऊन आलात, सगळ्यांना जुलाब झाले, तेव्हाचं. फणस खाल्लात."

"फणसाचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच. खोटं बोलायला लागलीस, मग खरं सांगितलंस."

तारीख छापलेली नसेना का, आईला तारीख होती. सोसायटीतल्या प्रत्येक दुखण्याची, कोणाच्या घरी तेव्हा पाहुणे होते त्यासकट. जे तिला आठवलं नाही त्याच्यासाठी तिने नियमच करून टाकला: तारीख दिसत नाही ना, मग ते टाकायचंच, आठवत बसायचं नाही. वहिनींनी दोन वेळा "पण काकू, दिसतंय चांगलं" म्हणून बघितलं. आई म्हणाली, "दिसायला मीही चांगली दिसते. टाक." कोणीतरी वडीलधाऱ्याने टाक म्हणायला हवं होतं, बस. पेटी तोंडाने टाक म्हणत नव्हती.

बायकोने न सांगता मोठं पातेलं चढवलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता काय झालं ते मला ऑफिसात फोनवर कळलं. वहिनींनी खाली सांगितलेलं. सेक्रेटरीकाका स्वतः सोनपापडीचा खोका भरून औषधं घेऊन आले आणि प्रत्येक गोळीला "हिची मुदत वाढवता येणार नाही का?" म्हणून विचारत राहिले. नाल्यावरून मला टोमणा मारणारे गृहस्थ आले. दुसऱ्या विंगमधल्या, आईला नीट ओळखतही नसलेल्या बायका आल्या. आठवडाभर चिमणी ओरडत होती. जे टाकायचं ठरे ते आई त्याच माणसाच्या हातात परत देई आणि सांगे, जाताना खाली पेटीत टाक, मी वरून बघतेय. तिसऱ्या मजल्यावरून पेटी दिसत नाही, पण शिक्षिकेला सगळं दिसतं असं अजूनही लोक मानतात.

एका संध्याकाळी सगळे गेल्यावर आईने स्वतःचा डबा काढला. मी समोर बसलेलो. एकेक गोष्ट बाहेर काढून तिने ओळीने मांडली. मुलीचं तापाचं औषध. डोळ्यांचं कसलंसं. बाबांच्या पाठीच्या गोळ्या हातात घेऊन ती जरा वेळ बसली.

"ह्या हजर होत्या नाही का बारशाला," ती म्हणाली.

मी गोरामोरा झालो. "आई, ते मी आपलं हसवायला—"

"हसले की सगळे. मीही हसले." तिने गोळ्या ढिगात टाकल्या. "पण खरं होतं ते तुझं. नको होत्या द्यायला. मला घरात येऊन सांगितलं असतंस तरी ऐकलं असतं मी."

तिने सगळा ढीग माझ्या ओंजळीत दिला आणि म्हणाली, जा, टाकून ये, मी वरून बघतेय.

मॅडम आल्या त्या शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकून. सोबत फोटोग्राफर. पेटी उघडली तर गच्च भरलेली. मॅडमचा चेहरा खुलला. फोटोग्राफरने आईला पेटीपाशी उभं केलं आणि म्हणाला, "आजी, एक स्ट्रिप फटीत टाकताना दाखवा."

"माझ्या टाकून झाल्या."

"मग आतली एक घ्या, परत टाका."

"परत काढायचं असेल तर टाकायचं कशाला?" आईने विचारलं. फोटोग्राफरला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी माझा काढला, कुलूप लावताना. त्यात मी पेटी फोडतोय असा दिसतो.

वर चहाला आल्यावर मॅडमनी आईचं मनापासून कौतुक केलं. अहवालात तुमचा आवर्जून उल्लेख करणार म्हणाल्या, ज्येष्ठ नागरिक लाभार्थी म्हणून.

"लाभार्थी मी कशी?" आई म्हणाली. "लाभार्थी हा. पेटी रिकामी राहिली असती तर ह्याचं काय झालं असतं?"

मॅडम हसल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला, माझ्याकडे पाठ होईल अशा किंचित वळल्या आणि पर्समधून गोळ्यांचे दोन तुकडे काढले.

"आई, ह्याच्यावर तारीख दिसतेय का बघता? कधीपासून पर्समध्ये आहेत, टाकवतही नाहीत."

आईने ते उजेडाकडे धरले. आम्ही सगळे वाट बघत राहिलो.

"दिसत नाही. टाक. टाका," तिने दुरुस्ती केली. मग तुकडा माझ्याकडे वळवला. "काय रे, प्रत्येक गोळीच्या मागे तारीख छापता येत नाही का?"

मी म्हणालो, तसं नाही, मशीनचा ठसा एकदाच पडतो, जागेचा प्रश्न आहे, रचना ठरलेली असते. डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेबद्दल मी मौन पाळलं. मॅडमनी वही वगैरे काढली नाही, पण सोमवारी ऑफिसात एक समिती झाली, प्रत्येक गोळीमागे तारीख छापता येईल का ते तपासायला. समितीचा प्रमुख मी. नीटस दिसणार नाही असा आक्षेप पहिल्याच बैठकीत एका तरुण सहकाऱ्याने घेतला. मी त्याच्याकडे बघत राहिलो, जुन्या फोटोकडे बघावं तसं. काम चालू आहे. चालू आहे म्हणजे सरकारी कामात असतं तितपत.

पोस्टर मी काढून आणलं. आईने ते चित्र आत जाईल असं दुमडून डब्याच्या तळाशी घातलं, डब्यात आता चकल्या असतात.

परवाच्या रविवारी दुपारी माझं डोकं दुखायला लागलं. सवयीने म्हणालो, "आई, डोकं दुखतंय गं." तिने डबा पुढे केला. मी चकली खाल्ली. फरक पडला नाही. मग चप्पल घालून खाली केमिस्टकडे गेलो, दोन गोळ्या मागितल्या, त्याने कात्रीने कचकन कापून दिल्या. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं आणि मी परत गेलो.

"तारखेचा तुकडा द्या."

"साहेब, तो कोणी मागत नाही हो."

"मी मागतोय."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि टोकाकडचा तुकडा दिला. दुखऱ्या डोक्याने तीन मजले चढून आलो. किल्ली विसरलेलो, बेल वाजवली. आत खुर्ची सरकली, पावलं लगबगीने आली, दार उघडलं.

"तू होय," आई म्हणाली. मग माझ्या खांद्यावरून जिन्यात बघितलं, मागून कोणी येतंय का.

कोणी येत नव्हतं. मी तिथेच उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि तुकडा पुढे धरला.

"काकू, हे घेऊ का?"

तिने तुकडा घेतला, उजेडाकडे धरला, उलटा केला.

"काय खाल्लंस सकाळपासून?" तिने विचारलं.

"काही नाही. एक चकली."

"खरं सांग," आई म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.